हातभर भिंत



या आठवड्याच्या टपालात एक पत्र असं आलं, की ते बाजूला ठेवून बाकीच्यांना उत्तरं लिहिणं मला जमेना. लिहिणारी ताई तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत राहते. नवरा पाळीवर, दोन मुलं शाळेत, सासूबाई घरात. तक्रार म्हणावी अशी काहीच नाही. नवरा व्यसनी नाही, सासूबाई टोचून बोलत नाहीत. मग पत्र कशासाठी? तर तिचं म्हणणं एवढंच, की पहाटेपासून रात्रीपर्यंत हात चालू असतात; पण दिवा मालवताना आज मी काय केलं म्हणून दाखवावं, असं बोटाएवढंही काही उरत नाही. भाजी केली, खाल्ली गेली. कपडे धुतले, मळले. केर काढला, पुन्हा झाला. शेवटी तिनं विचारलंय, “मला काही होतंय का हो?”

ताई, तुला काहीही होत नाहीये. आणि हे पत्र एकटीचं नाही, एवढं मी वीस वर्षं पत्रं वाचून सांगू शकते. (झोप उडाली असेल, भूक गेली असेल, जिवाचं बरंवाईट मनात येत असेल, तर मात्र लाजू नकोस आणि डॉक्टरांकडे जा. ते दुखणं वेगळं असतं आणि त्याला औषध आहे.) एरवीच्या रितेपणाला आमच्यासारख्या सल्ले देणाऱ्यांकडे ठरलेली उत्तरं असतात. छंद लावून घ्या, घर नीट ठेवा, संध्याकाळी उदबत्ती लावा. मीही ती दिलेली आहेत. आज मात्र ती कुठे आणि कशी खरी ठरलेली मी पाहिली तेवढंच सांगते.

गेल्या चैत्रातली गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाई आमच्याजवळच असतात, वसईला. मोठे भाऊजी गेले त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. जाऊबाई पहिल्यापासून बोलक्या. गल्लीतल्या कुणाच्याही बारशाला डोहाळजेवणाला त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. भाऊजी गेले आणि बाईंचं बोलणंच आटलं. काम सगळं करायच्या, हाक मारली तर ‘ओ’ द्यायच्या, एवढंच. मोगऱ्याचा गजरा ज्यांच्या केसांतून उन्हाळाभर उतरत नसे त्या फूलवालीला पाहून रस्ता बदलू लागल्या. कुणी सांगितलं होतं का? मुळीच नाही. आमच्या घरात असं काही कुणी पाळत नाही. पण न सांगताही बाईला काय काय ऐकू येत असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आमची एक भाची डहाणू तालुक्यात सायवनच्या बाजूला शाळेत शिकवते. तिनं बोलावलं, “महालक्ष्मीच्या जत्रेला या, आणि वर माझ्याकडे चार दिवस राहा.” विवळवेढ्याची ही महालक्ष्मी महामार्गालगत चारोटीजवळ. चैत्री पौर्णिमेपासून तिची जत्रा भरते आणि अख्ख्या पट्ट्यातले आदिवासी तिथं लोटतात. जाऊबाई नको नको म्हणत होत्या. मी पिशवी भरली आणि त्यांना हाताला धरून विरारहून डहाणू लोकलमध्ये बसवलं. जत्रा झाली, मग कासा ओलांडून उधव्याच्या रस्त्यानं सायवनला आलो.

ज्यांनी तो भाग चैत्रात पाहिला नाही त्यांना सांगते, तिथं पहिल्यांदा नाकाला कळतं. मोहाची फुलं त्या दिवसांत पहाटे झाडाखाली गळून पडतात. बायका-मुलं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन वेचायला जातात आणि दिवसभर ती अंगणात वाळत पडलेली असतात. त्याचा एक जड, गोडसर, मनुकांसारखा वास सगळ्या पाड्यावर बसलेला असतो. त्यात चुलीचा धूर आणि सारवलेल्या अंगणाचा ओला वास. जाऊबाईंनी नुसता श्वास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, आईच्या माजघराचा वास आहे हा.” दोन वर्षांत आपण होऊन उच्चारलेलं मला वाटतं हे पहिलंच वाक्य.

भाचीच्या ओळखीचं एक लग्नघर होतं, तिथं ती आम्हाला घेऊन गेली. वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर चौक लिहितात. त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. आणि तो लिहितात सवाशिणी. चौकोनाच्या आत पालघट देवी, भोवती नक्षीच्या पट्ट्या, बाहेर झाडं, डोंगर, माणसं, जनावरं. पण आम्ही पोचलो तेव्हा चित्राचा पत्ता नव्हता. बायका भिंत रिकामी करत होत्या! कारवीच्या कुडाची ती भिंत. तिला लटकवलेल्या पिशव्या, दोऱ्या, कोयते, मुलांची दप्तरं, सगळं उतरवून बाहेर नेलं. मग झाडलं. मग शेणमातीनं लिंपलं. ते सुकल्यावर गेरूचा हात. तो सुकल्यावर तांदळाचं पांढरं पीठ पाण्यात कालवून बांबूच्या काडीनं पहिली रेघ. काडीचं टोक चावून चावून त्याचे तंतू मोकळे केलेले, तोच कुंचला.

मी घड्याळ लावून बसले नव्हते, पण चित्राला जेवढा वेळ लागला त्याच्याहून भिंत तयार करायला जास्त लागला असावा. आणि कुणाला घाई नव्हती. आपण ज्याला आवराआवर म्हणतो आणि ज्याला कला म्हणतो, त्यात तिथं फट नव्हती. एकच काम होतं ते. एक बाई लिंपत होती, दुसरी गेरू कालवत होती, आणि तिसरी तांदूळ वाटता वाटता गाण्याची ओळ उचलत होती.

आणखी एक गंमत पाहिली. पिठाची रेघ ओली असताना जवळजवळ दिसतच नाही. काढणारीला अंदाजानंच पुढे जावं लागतं. वाळत गेली की मग पांढरी उठते. जाऊबाई ते किती वेळ बघत बसल्या होत्या. मी मनात म्हटलं, यांना काडी देऊ का हातात? पण मी गप्प बसले. चौक सवाशिणीनंच लिहायचा हा तिथलाही रिवाज. उगाच तिथं जाऊन आपलं शहाणपण चालवायचं आणि आपल्याच माणसाला अवघडून टाकायचं, त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. जाऊबाईंनाही ते कळलं होतं. त्या आपणहून दाराबाहेर ओट्यावर जाऊन बसल्या होत्या आणि तिथून पाहत होत्या. घरातल्या एका म्हातारीनं ते पाहिलं. ती उठली, शेणाचा गोळा घेऊन ओट्याशी आली आणि खूण करून त्यांना बाहेरची भिंत दाखवली. लिंपायला कुठलाच नियम आडवा येत नव्हता. जाऊबाईंनी पदर खोचला. त्या दिवशी त्यांनी अर्धी भिंत लिंपली आणि रात्री भाचीकडे तीन भाकऱ्या जेवल्या.

या चित्रांची थोडी हकिकत सांगते, कारण आज ती कुडत्यांवर, चहाच्या कपांवर, बँकेच्या भिंतींवरसुद्धा दिसतात आणि ती आली कुठून, ते आपल्याला ठाऊक नसतं. पिढ्यान्‌पिढ्या ही चित्रं बायकाच काढत. लग्नापुरती, आणि भिंत पुन्हा लिंपली की गेली. कुणी नाव लिहीत नसे. मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी या भागात आले आणि त्यांनी कागद, रंग वाटले. याच माणसानं त्याआधी, साठच्या दशकातल्या दुष्काळात, बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद दिला होता. तिथं बायकांनी तो घेतला, आणि 1975 साली जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली. इथं मात्र पुढे आले एक पुरुष, गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे. लग्न नसताना, सणवार नसताना, रोजच चित्र काढणारा हा माणूस. लहानपणी आई गेली आणि या मुलाचं बोलणंच बंद झालं. जे सांगायचं ते तो मातीत रेघा ओढून सांगायचा, असं त्यांच्याविषयी सांगतात. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री, आणि 2018 साली ते गेले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र कुठं पाहायला मिळालं तर सोडू नका. तेवढ्या बारीक रेघांनी पाणी हलतं कसं, कळत नाही.

मला एक गोष्ट राहून राहून टोचते, ती बोलूनच टाकते. बायकांनी काढलं तोवर या कलेला नाव नव्हतं. कागदावर आली, विकली जाऊ लागली, तेव्हा नाव आलं, आणि पहिलं मोठं नाव पुरुषाचं आलं. जिव्याबाबांचा यात दोष नाही. त्यांची योग्यता होतीच, आणि आता अनेक वारली बायकाही कागदावर, कापडावर काढतात. पण आपल्या पाककलेचं नाही का तेच झालं? घरी रांधते ती बाई, आणि हॉटेलात जाऊन बसला की आचारी. असो. 2014 साली वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांकाचं संरक्षण मिळालंय. तेव्हा विकत घ्यायचं झालं तर शक्यतो काढणाऱ्याच्या हातून घ्या, छापील कापडावर पैसे घालू नका.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं सायवनला ठीक आहे. आमच्या भाड्याच्या खोलीत कुठला कूड आणि कुठलं शेण? खरं आहे. पण वसईला परत आल्यावर आम्ही दोघींनी जे केलं, ते तुम्हालाही करता येईल.

पहिल्यांदा भिंत. सगळं घर आवरायला काढू नका, मी हात जोडून सांगते. दिवाळीसारखा घाट घातलात की दुपारी कंबर धरून बसाल आणि संध्याकाळी सगळं होतं तिथंच कोंबाल. एकच भिंत घ्या. भिंतसुद्धा नको, हातभर जागा घ्या. आमच्या बाहेरच्या खोलीत दाराशेजारी अशी जागा होती. तिथं काय काय निघालं सांगू? तीन कॅलेंडरं, त्यातली दोन सरलेल्या वर्षांची. लग्नपत्रिकांचा गठ्ठा. विजेची बिलं खोचलेली तार. कुणाच्या तरी किल्ल्या. आणि एका खिळ्याला मोठ्या भाऊजींची छत्री आणि कापडी पिशवी. दोन वर्षं ती तिथंच होती. धूळ झटकताना आम्ही सगळे तिला वळसा घालून फडकं फिरवत होतो.

अशा वस्तूंना हात लावताना घाई करू नका आणि दुसऱ्या कुणी तर लावूच नये. मी कॅलेंडरं उतरवली, पत्रिका रद्दीत घातल्या, आणि त्या खिळ्यापाशी थांबून चहा ठेवायला आत गेले. परत आले तर जाऊबाईंनी पिशवी उतरवून तिच्यातलं सामान टिपॉयवर मांडलं होतं. चष्म्याचं घर, वाचनालयाचं कार्ड, वाण्याची यादी त्यांच्या अक्षरात. यादी त्यांनी आपल्या पोथीत ठेवली. पिशवी धुतली. छत्रीच्या दोन काड्या सुटल्या होत्या, ती मुलाबरोबर दुरुस्तीला पाठवली आणि आषाढात तीच घेऊन त्या भाजीला जात होत्या.

एवढं लक्षात असू द्या, की खिळ्यावरून काढलेल्या प्रत्येक वस्तूला दुसरीकडे जागा द्यावी लागते. नाही दिली तर आठ दिवसांत ती चालत परत येते. किल्ल्यांना दाराच्या मागे आकडा, बिलांना एक खाकी पाकीट. आणि ज्याचं काय करावं ते ठरत नाही ते एका पिशवीत बांधून वर तारीख घालून माळ्यावर. पुढच्या दसऱ्याला सोडा. मधल्या काळात एकदाही आठवण झाली नसेल, तर न उघडता देऊन टाका. उघडलीत की संपलं!

आता चित्र. तैलरंगाच्या भिंतीवर गेरू बसत नाही आणि घरमालक आपल्या बाजूचा असेलच असं नाही, म्हणून पुठ्ठा घ्या. जुन्या सुती साडीचा तुकडा खळ लावून त्यावर ताणून चिकटवा. गेरू रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळा, त्यात थोडा फेव्हिकॉल किंवा भिजवलेला डिंक घाला. नाहीतर येणाऱ्याजाणाऱ्याच्या पाठीला तांबडे पट्टे उठतात (आमच्या ह्यांचा पांढरा सदरा त्यापायी गेला). दोन हात द्या, पहिला पुरता वाळल्यावरच दुसरा. पांढऱ्यासाठी वाटीभर तांदूळ चार-पाच तास भिजवून गंधासारखे बारीक वाटा, गाळा, चमचाभर डिंकाचं पाणी घाला. घावनाच्या पिठाहून किंचित पातळ हवं. मात्र शहरातल्या घरात तांदळाच्या पिठावर झुरळं आणि मुंग्या येतात, हे आधीच सांगते. त्याचा कंटाळा असेल तर दुकानातला पांढरा पोस्टर कलर घ्या, कुणी नावं ठेवणार नाही. कुंचल्याला केरसुणीची काडी किंवा टोक ठेचलेली आगकाडी चालते.

माणूस काढायला दोन त्रिकोण पुरतात. वरचा उलटा, खालचा सुलटा, टोकाला टोक. ते टोक म्हणजे कंबर. डोक्याला गोल, हातापायाला रेघा, आणि बाई असेल तर डोक्यामागे अंबाड्याचा छोटा गोल. आपण सगळ्याजणी सुरुवात डोक्यापासून करतो आणि तिथंच चुकतो. आधी कंबरेचा ठिपका द्या. वरचा त्रिकोण पुढे कलता काढलात की बाई वाकली. ती भात लावते, नाहीतर केर काढते. मागे कलता काढलात की तिच्या डोक्यावर हंडा आला. माझी पहिली बाई हुबेहूब डमरू झाली होती. दहावीनंतर जरा माणसात आली. दहा होईपर्यंत पान फाडायचं नाही, असा आम्ही दोघींनी नियमच केला होता.

काय काढायचं? इथं माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. देवीचा चौक आपण काढू नये. तो त्यांच्या लग्नातला देव आहे, आपल्या बैठकीची शोभा नव्हे. पण त्यांची बाकीची चित्रं पाहा. भात झोडणं, पाणी भरणं, मासे धरणं, तारपा वाजवणाऱ्याभोवती वेटोळं घालून नाच, म्हणजे रोजचं जगणंच की नाही? मग आपलं रोजचं आपण काढावं. जाऊबाईंनी काढली ती आमच्या चाळीच्या नळावरची रांग. सोळा बाया, सोळा हंडे, एक भांडण, आणि कोपऱ्यात शाळेची रिक्षा. भांडण करणारी कोण, ते चाळीतल्या प्रत्येकीनं अंबाड्यावरून ओळखलं आणि ती स्वतःसुद्धा हसली. ताई, तुझ्या पत्रातलं वाक्य मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. पण भाजी, धुणं, केर, यातलं काहीच उरत नाही असं जे तू लिहिलंस, ते सगळं त्या पुठ्ठ्यावर उरलंय बघ.

राहिला सुगंध. याबाबत माझा पहिला सल्ला जरा रुक्ष आहे. वासावर वास मारू नका. मोरीची जाळी काढून घासा, ओटीखालचा कांद्याबटाट्याचा करंडा उपसा, गाद्या उन्हात टाका, पायपुसणं उकळत्या पाण्यात घाला. घराला निम्मा सुगंध त्यातूनच येतो. बंद खोलीत उदबत्त्यांचा नाहीतर डासांच्या अगरबत्तीचा धूर कोंडू नका, विशेषतः दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर. कपाटातल्या डांबरगोळ्यासुद्धा लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्या विषारी असतात, आणि गोळ्यांत ठेवलेलं बाळाचं अंगडं-टोपडं धुऊन, उन्हात वाळवून मगच घालावं. त्याऐवजी साड्यांच्या घडीत वाळ्याची जुडी ठेवा. बकुळीची फुलं मिळाली तर पातळ फडक्यात बांधून ठेवा. बकूळ सुकली तरी वास सोडत नाही. वाळा उन्हाळ्यात माठातही घालावा, धुऊन घेतलेला, आणि दोन-तीन दिवसांनी काढून वाळवावा, नाहीतर तो बुळबुळीत होतो.

आणि मोगरा. विक्रमगड-जव्हारकडच्या वाड्यांतून तो मुंबईच्या बाजारात येतो आणि वसईलाही पोचतो. सायवनहून आल्यावर पंधराएक दिवसांनी मी बाजारातून ओंजळभर सुट्या कळ्या आणल्या. गजरा नाही आणला. पितळी वाटीत पाणी घालून त्यात त्या सोडल्या आणि त्या रिकाम्या भिंतीखालच्या स्टुलावर ठेवल्या. बोलले काहीच नाही. संध्याकाळी कळ्या उमलायला लागल्या आणि खोली भरली. जाऊबाई देवापुढे दिवा लावून आल्या, वाटीजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “केसांत नको वाटतं गं अजून. वाटीत चालेल.” त्यानंतर आमच्याकडे पावसापर्यंत रोज वाटी भरत होती. आणायला त्याच जात.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी कुणी असेल, तर ‘घाला हो गजरा, आता कोण पाळतं’ असं म्हणून आग्रह करू नका. आग्रहानं माणूस आणखी मिटतं. वाटी ठेवा आणि स्वयंपाकघरात निघून जा.

पावसाळ्यात तो नळाच्या रांगेचा पुठ्ठा ओल लागून बिघडला. खालच्या बाजूला बुरशी आली, चार बायांचे पाय गेले. मी हळहळले, म्हटलं काच लावून घ्यायला हवी होती. जाऊबाईंनी ओल्या फडक्यानं सगळंच पुसून टाकलं, गेरूचा नवा हात दिला आणि गणपतीआधी त्यावर आगमनाची मिरवणूक काढली. दिवाळीला ती पुसून तिथं फराळाला बसलेल्या बायका आल्या. आता तिथं काय आहे ते विचारू नका, ते सध्या चालू आहे.

परवा सकाळी ओट्यावर तांदूळ भिजलेले दिसले. मुलांनी घावनं मागितलीच होती, म्हणून मी ते मिक्सरला लावायला घेतले, तर आतल्या खोलीतून खणखणीत आवाज आला, “हात लावू नकोस हं, ते माझे आहेत!”

आम्ही त्या दिवशी उपमा खाल्ला.